विहिरीवरून दिसायची ती जागा

२ एप्रिल

तलावाचं पाणी आणखी मागं गेलं. स्टुडिओच्या दारातून आता मारुतीच्या जुन्या देवळाचा चौथरा दिसतो. देव धरण झालं तेव्हाच वर नव्या गावात आणला, चौथरा तेवढा खाली राहिला. दर उन्हाळ्यात दिसतोच असं नाही. यंदा लवकर उघडा पडला.

आज दोन फोटो आले. एक वेशीसमोरच्या बैलगाडीचा, एक लग्नातला, वऱ्हाड जुन्या चावडीपुढं बसलेलं. स्कॅन करून परत दिले. दुपारी सुनंदाताई आल्या. शाळेतून रिटायर झाल्यापासून त्यांना आमच्या खोलीशिवाय दुसरा विषय नाही. ग्रामपंचायतीनं जुन्या शाळेची एक खोली दिलीय, बुडालेल्या गावाचं जे काही मिळेल ते तिथं मांडायचं. फोटोंचं माझ्याकडं, माणसांना बोलतं करायचं त्यांच्याकडं. मधल्या भिंतीवर त्यांना मोठा नकाशा हवाय. जुनं गाव जसं होतं तसं.

काष्टीच्या लग्नाचा अल्बम अजून राहिलाय. तो आधी.

६ एप्रिल

सकाळी पारावर नकाशाचा कार्यक्रम. सु.ताईंनी (पूर्ण नाव रोज लिहायचा कंटाळा) मोठा कागद पसरला. म्हातारी माणसं झाडून आली. वेस पूर्वेला की ईशान्येला यावरच चहा दोनदा झाला. चावडीपुढं कुणी म्हणे पिंपळ, कुणी म्हणे वड. शेवटी दोन्ही काढले. सु.ताई वर्गात पोरांची भांडणं ऐकायच्या तशा ऐकत होत्या.

मी फोटो काढत होते. मधेच विचारलं, कब्रस्तान कुठं होतं? एकानं हात हवेत फिरवला. "ते काय, पलीकडं. ओढ्याच्या अंगाला." ओढा कागदाच्या काठावर आला होता, पलीकडं जागाच नव्हती. सु.ताईंनी काठाला चिकटून लहानसा गोल काढला, पुढं प्रश्नचिन्ह.

घरी येताना तो गोल डोक्यात. आजेसासरे तिथं, त्यांचे वडीलही तिथंच. गाव उठलं तेव्हा देव वर आणले, वेशीचे दगड आणले, घरांच्या तुळयासुद्धा काढून आणल्या. यांना कोण आणणार होतं.

८ एप्रिल

तलावातला गाळ काढायचं ठरलं. पोकलेन पुढच्या आठवड्यात. गाळ काढायच्या समितीचा मुख्य विलासभाऊ, सलीमचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची लिंबाची बाग आहे. सलीमचा ट्रॅक्टर पण वाहतुकीला लागला. कांदा संपल्यापासून उभाच होता, त्यामुळं नवरोबा खूश. गाळ टाकला की मुरमाड रानसुद्धा पीक धरतं, खोटं नाही. आमच्याही रानात टाकायचा विचार आहे.

कुठून काढणार, विचारलं. म्हणाला, ओढा तलावाला मिळतो तिथून, तिथं थर सगळ्यात जाड.

ओढा.

मला तरी नेमकं काय माहीत आहे.

९ एप्रिल

नकाशाचा फोटो मोबाईलवर मोठा करून अम्मींना दाखवला. सासूबाई तशा कमीच बोलतात. गुडघ्यांमुळं हल्ली ओट्याच्या पलीकडंही जात नाहीत. चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "विहीर कुठाय?"

नव्हतीच. एवढ्या पुरुषांनी मिळून सबंध गाव काढलं आणि गावविहीर काढलीच नाही.

अम्मी घरात आमच्या बोलीत बोलतात, मी शाळेच्या सवयीनं मराठीत लिहिते. म्हणाल्या, विहीरच नाही तर अंदाज कशावरून घ्यायचा, सगळं विहिरीवरून तर दिसायचं. सगळं म्हणजे काय, मी विचारलं. नमाजाची वेळ झाली म्हणून उठून आत गेल्या.

वेळ झाली नव्हती.

१० एप्रिल

सु.ताईंना विहिरीचं सांगितलं. फोनवर आधी हसल्या. मग म्हणाल्या, आपण बायांना विचारलंच नाही की गं.

रविवारी चंद्राकाकींच्या ओट्यावर जमायचं. चंद्राकाकी म्हणजे विलासभाऊची आई. अम्मींच्याच वयाची. दोघी नव्यानं लग्न होऊन आल्या तेव्हा जुन्या गावात भिंतीला भिंत लागून राहायच्या.

अम्मींना येता का विचारलं. नाही म्हणाल्या नाहीत.

१२ एप्रिल, संध्याकाळ

जसं झालं तसं लिहून ठेवते.

अम्मींना रिक्षानं नेलं. ओट्यावर सात-आठ जणी, सगळ्या जुन्या गावात लग्न होऊन आलेल्या किंवा तिथंच जन्मलेल्या. सु.ताईंनी कागद काढला तर काकी म्हणाल्या, "कागदावर मला काय बी दिसत न्हाई." आणि आतून रांगोळीचा डबा घेऊन आल्या. फरशीवर आधी विहीर काढली. गोल, मग उतरायच्या पायऱ्या, मग तिथून फुटणाऱ्या वाटा. बाया त्या वाटांवरून चालत असल्यासारख्या बोलायला लागल्या. कुणाच्या दारात कुत्रं असायचं, भरलेली घागर कुठं टेकवून दम घ्यायचा, सासरा बसलेला असला की कोणत्या बोळातून वळसा घ्यायचा. पुरुषांच्या नकाशात चावडी मधोमध होती. इथं ती एका कोपऱ्यात गेली, कारण त्या बाजूनं बायकांना जायचंच नसायचं. मी स्टुलावर उभी राहून वरून फोटो घेत होते. खूप हसत होत्या सगळ्या.

सु.ताईंनी सहज विचारलं, ओढ्याच्या पलीकडं काय होतं?

अम्मी खुर्चीवर बसल्या होत्या. तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तिकडं माझी पोरगी हाय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. सलीम थोरला. त्याच्या मागं दोघी बहिणी, दोघींची लग्नं माझ्यासमोर झाली. ही कोण?

अम्मी सांगत गेल्या, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा आवाजात. पहिली मुलगी. बसायला लागली होती, अजून चालत नव्हती. तापानं गेली. धरणाच्या भिंतीचं काम तेव्हा चालू होतं. सासरे आणि नवरा तिला घेऊन गेले. बायकांनी कब्रस्तानात जायची आमच्यात रीत नाही, तेव्हा तर नाहीच. म्हणून त्या घागर घेऊन विहिरीवर गेल्या. पाण्याला निघालेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. तिथून ओढ्यापलीकडं दोघं वाकलेले दिसले. नंतर रोज पाण्याला गेलं की तिकडं पाहायचं. गाव उठेपर्यंत.

"वर आलो आन् पाह्यलं तर निस्तं पानी. समदीकडं सारखंच."

चंद्राकाकींचा हात डब्यात तसाच राहिला होता. म्हणाल्या, "हमीदा, तू त्येच्यासाठी थांबायचीस व्हय विहिरीवर? मला वाटायचं, तुला घरी जायाचा कट्टाळा."

अम्मी म्हणाल्या, "तू बी थांबायचीस की."

"माझा बी हाय तिथं. वढ्याच्या अल्याड, निंबापाशी. बारसं सुदिक झालं न्हवतं."

हिंदू घरांत तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, माती देतात. तेही पुरुषच घेऊन जायचे. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर बाभळीच्या फांद्या टाकल्या, एवढंच काकींना घरी येऊन सांगितलं होतं. त्यानंतर आणखी एकीनं बोट रांगोळीत बुडवलं आणि ओढ्याकाठी एक ठिपका ठेवला. मग दुसरीनं. कुणी काही सांगितलं, कुणी नुसता ठिपका ठेवून मागं सरकली. एकमेकींच्या शेजारी सगळं आयुष्य गेलंय यांचं. यातलं कुणालाच कुणाचं माहीत नव्हतं, किंवा माहीत असून विचारलं नव्हतं.

कॅमेरा माझ्या हातात होता. काढला नाही. निघताना सु.ताईंनी आठवण केली, तेव्हा सगळ्यांना विचारून एकच फोटो घेतला, फक्त रांगोळीचा.

येताना रिक्षात अम्मी म्हणाल्या, आपल्या दारात शेवग्याला शेंगा आल्यात, चंद्राला पाठवून दे.

१३ एप्रिल

सलीमला सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. कप हातात धरून बसला. "मला कुणी कधी सांगितलं नाही," एवढंच. मग अम्मींजवळ जाऊन बसला. मी स्वयंपाकघरातच थांबले. बाहेर काय बोलणं झालं माहीत नाही, फार काही झालं नसावं. नंतर ट्रॅक्टरचं ऑइल बदलत बसला. काल-परवाच बदललं होतं.

दुपारी स्टुडिओत आला आणि म्हणाला, गाळ नेमका तिथूनच काढायचाय, विलासला सांगावं लागेल.

१५ एप्रिल

विलासभाऊच्या बागेत गेलो, दोघंही. लिंबं उतरवणं चालू होतं, काष्टीच्या बाजारासाठी गोण्या भरत होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही. कालव्याचं आवर्तन मे अखेरीस सुटलं की तलाव पुन्हा भरणार, त्याआधी जेवढा निघेल तेवढाच गाळ. कित्येक जण नंबर लावून बसलेत. त्याचंही बरोबर आहे.

"भाभी, तुमचं खरं असंल. पन जागा दावा मला. निस्त्या अंदाजावर किती गाळ सोडू?"

आईचं त्याला माहीत नव्हतं. काकींनी घरात अजून काढलेलंच नव्हतं. माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगणं माझं काम नव्हे. सलीम माझ्याकडं पाहत होता.

अम्मींना तलावात खाली न्यायचं ठरवलं. तिथं नेल्याशिवाय काही उलगडणार नाही.

१७ एप्रिल

ट्रॉलीत गादी घातली, खुर्ची बांधली. अम्मींना सलीमनं उचलूनच बसवलं. सु.ताई छत्री धरून शेजारी. चंद्राकाकी ट्रॉलीत बसायला तयार नव्हत्या, काठी टेकत टेकत आमच्या मागनं आल्या. तलावाचा तळ भेगाळलेला, मधे ओल, शिंपल्यांचा चुरा. लांब पाण्यात मासे धरणारे थर्माकोलच्या तराफ्यांवर. चिलापी माशांचा वास.

विहीर सापडली. काठाचा दगडी गोल तेवढा वर, आतून तोंडापर्यंत गाळानं भरलेली. अम्मींनी हातानं दगड चाचपले. दोराच्या घासण्यानं पडलेल्या खाचा होत्या. त्या बाजूला जाऊन बसल्या. तोंड इकडं असायचं, म्हणाल्या, आणि हात लांब केला. चंद्राकाकी त्यांच्या शेजारी बसल्या, त्यांनीही हात केला, जरा डावीकडं. निंब राहिलेला नाही, बुंधाही नाही. ओढ्यानंही जागा बदललीय. दोघींची बोटं जिथं जात होती तिथं सगळं एकसारखं करडं, सपाट.

विलासभाऊ मोटरसायकलवर आला. पोकलेनवाल्याला जागा दाखवायला तसाही येणारच होता. त्यानं विचारलं, "चाची, नक्की तिथंच का?"

"नक्की न्हाई, बाबा. लांबून पाह्यलेलं."

"मग कसं करायचं सांगा."

चंद्राकाकी म्हणाल्या, "इलास, तुझा थोरला भाऊ हाय तिथं."

त्यानं आईकडं पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "कवा?"

"तुझ्या आदी. तेरा दिस बी ऱ्हायला न्हाई."

तो बोट दाखवलेल्या बाजूनं चालायला लागला. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. बऱ्याच लांब जाऊन उभा राहिला आणि हात वर केला, इथं का, अशा अर्थानं. काकी ओरडल्या, आणखी पुढं. अम्मींनी उजवीकडं सरकवलं. पुन्हा काकींनी मागं बोलावलं. असं बराच वेळ. तो सांगतील तसा सरकत होता, पोकलेनवाला आणि सलीम नुसते बघत उभे. शेवटी एवढी मोठी जागा फिरून झाली की कुठून कुठं गेला तेही कळेना.

परत आला. पायात चप्पल नव्हती, चिखलात राहिली होती. सलीमला म्हणाला, "सल्या, फक्कीचं पोतं घिऊन ये."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून चुन्याच्या फक्कीनं पांढरी रेघ मारली, तो फिरला त्या सगळ्याच्या बाहेरून. ओढ्याच्या दोन्ही अंगांना.

२० एप्रिल

गावात कुरबुर. सगळ्यात चांगला गाळ रेघेच्या आत गेला म्हणून. पारावर मीटिंग झाली. एक जण म्हणाला, असं तर उद्या कुणीपण येऊन कुठलीही जागा दाखवेल. खरंच, कशावरून? दोन म्हाताऱ्यांची बोटं, आणि तीही एकमेकींशी न जुळणारी.

आमच्या मशिदीतल्या एका बुजुर्गांनी वेगळंच काढलं. कब्रस्तानाची खूण निराळी हवी, सगळं एकात नको. सलीम त्यांना अदबीनं म्हणाला, "रेघ कुठनं मारायची तेवढं सांगा, मी मारतो." ते म्हणाले, राहू दे.

यंदा रेघेच्या आत पोकलेन जाणार नाही असं ठरलं. पुढच्या साली काय, ते कुणी बोललं नाही. विलासभाऊ मीटिंगभर खाली पाहत होता, पण ठरलं ते त्याच्यामुळंच.

२७ एप्रिल

काम जोरात. दिवसभर ट्रॉल्यांची धूळ, स्टुडिओतला कॅमेरा सारखा पुसावा लागतो. पासपोर्ट फोटोवाल्यांची गर्दी, शाळांचे प्रवेश. आणखी तीन जुने फोटो. एकात गावविहीर आहे. पाठमोऱ्या बाया, डोक्यावर घागरी. अम्मींना दाखवला. यात मी नाही, म्हणाल्या. पण परत मागून घेतला आणि उशीजवळ ठेवलाय. खोलीसाठी दुसरी प्रत काढली.

२ मे

आज वाईट झालं.

दोन दिवस वारा होता, फक्की उडून गेली होती. पोकलेनवर बदली माणूस, बाहेरगावचा. सलीम आमच्या रानात खेप टाकायला गेला होता, विलासभाऊ कामानिमित्त नगरला. सकाळी सकाळी त्या माणसानं रेघेच्या आतला एक कोपरा उकरला. कळल्यावर मी कॅमेरा घेऊन धावत गेले. का घेऊन गेले कोण जाणे. काम थांबवलं होतं. तो बिचारा हात जोडून उभा, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

खड्ड्यात उतरून पाहिलं. काळी माती, तिच्याखाली पिवळी. एक चपटा दगड. बाकी काहीच नाही. दगड ठेवलेला होता की नुसता होता, कसं सांगणार. फोटो काढले.

त्या खेपा विलासभाऊच्याच बागेत जाऊन पडल्या होत्या. नंबर त्याचा होता.

अम्मींना सांगायचं की नाही यावर सलीम आणि मी बाहेर कुजबुजत होतो, तर त्यांनी आतून हाक मारली. सांगितलं सगळं. विचारलं, "काही दिसलं का?" नाही म्हटलं, मातीच. "मातीच असणार आता," म्हणाल्या. तसबीहची माळ हातात घेतली. थोड्या वेळानं विचारलं, विलासची बाग कशाची आहे. लिंबाची, म्हटलं. माझाच हात धरून ठेवला मग. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

१० मे

विलासभाऊनं त्या खेपा पसरल्या नाहीत. बांधाला ढीग तसाच आहे, वरून उसाचं पाचट टाकून झाकलाय. बाकीचा गाळ सगळ्या झाडांना देऊन झाला. चंद्राकाकींचं त्याच्याशी रोज वाजतं. त्या म्हणतात पसर, झाडाला लागू दे. तो म्हणतो, मला हात लावू वाटत नाही. कुणी म्हणतं परत तलावात नेऊन टाक. कुणी म्हणतं, त्यात काही नाहीच, उगाच मनाचे खेळ.

त्यानं सलीमला विचारलं, तू काय केलं असतंस. सलीम म्हणाला, कळत नाही.

अम्मींना विचारू का, असं मी सलीमला म्हटलं. नको म्हणाला. मलाही धीर झाला नाही.

१८ मे

भिंतीवरचा नकाशा निम्मा झाला. पेंटर श्रीगोंद्याहून येतो. सु.ताईंनी ठरवून टाकलं, रांगोळीचाच नकाशा घ्यायचा, विहीर मधोमध. पुरुषांचं त्यात भरायचं. पारावरची मंडळी बघायला आली होती. चावडी कोपऱ्यात कुणी टाकली म्हणून एक जण बराच वेळ उभा. सु.ताई म्हणाल्या, तुमच्या मंडळींनीच टाकली, घरी जाऊन विचारा. गेला, परत काही बोलायला आला नाही.

रेघेच्या आतल्या जागी काय लिहायचं? कब्रस्तानाचं नाव तर हवंच, पण एवढंच लिहून भागत नाही. सु.ताईंनी पाटीवर चार प्रकारे लिहून पुसलं. शेवटी "कब्रस्तान आणि लहान मुलांची जागा". त्याखाली ज्या आयांना हवी त्यांच्या मुलांची नावं, असं त्यांच्या मनात आहे. मी म्हटलं, बहुतेकांची नावं ठेवलीच नव्हती.

चंद्राकाकींकडं गेलो. त्यांना विचार करावा लागला नाही. "इलासचा थोरला भाऊ, आसं लिवा." विलासभाऊ आतल्या खोलीत होता. बाहेर आला नाही, पण टीव्ही बंद केला त्यानं.

बाकीच्यांतल्या दोघी नको म्हणाल्या. तिसरीच्या सुनेनं दारातूनच परत पाठवलं, आत्ता कशाला उकरता म्हणून. तिचंही खोटं नाही. तो ठिपका नकाशात ठेवायचा की काढायचा?

२७ मे

पोकलेन गेला. काल आवर्तन सुटलं, कालव्याचं पाणी तलावात यायला लागलं. लाल, गढूळ. काकड्या लावणाऱ्यांनी तळातले शेवटचे वेल उपटून वर आणले. सलीमनं तीन-चार पोती काकड्या आणल्या, शेजारी वाटल्या.

संध्याकाळी अम्मींना गच्चीवर नेलं. एकेक पायरी, मधे बसत बसत. त्यांनीच हट्ट धरला. विहिरीचा काठ अजून दिसत होता. कोपऱ्यातला खड्डा आधी भरला. तिथं पाणी चकाकत होतं. मग रेघ होती तिकडं पसरलं. अम्मी पाहत होत्या. मी विचारलं, आता कळतं का कुठं ते? मान हलवली. हो की नाही, ते समजलं नाही.

१ जून

परवा सु.ताईंचा फोन आला. पेंटरचा आणखी एकच दिवस आहे, अम्मींना विचारून ठेव.

दोन दिवस टाळत होते. आज दुपारी त्यांचे पाय चेपत होते तेव्हा विचारलं. त्या पडल्या पडल्या छताकडं पाहत होत्या. तिचं नाव ठेवलं होतं, म्हणाल्या. सासऱ्यांनी वेगळं ठेवलेलं, पण मी दुसऱ्याच नावानं हाक मारायचे, घरात कुणी नसलं की. त्या नावाला ती मान वळवायची.

मग ते नाव सांगितलं. हळू, पण स्पष्ट. मला नीट ऐकू आलं की नाही म्हणून परत एकदा सांगितलं.

नकाशावर लिहू का, असं विचारलं. डोळे मिटले होते. झोप लागली का उत्तर द्यायचं नव्हतं, कळलं नाही. मी चेपत राहिले.

उद्या सकाळी पेंटर येईल. अम्मींनी हो म्हटल्याशिवाय त्याला ते सांगणार नाही. ते नाव मी इथंही लिहीत नाही.